आपत्तीकाळातील संदेशवहन: हॅम स्वयंसेवकांना आधी काय शिकवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका स्वयंसेवी गटात वीसेक सभासद आहेत. निम्म्यांना हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ स्थानक चालवण्याचा, परवाना नुकताच मिळाला आहे आणि बाकीचे परीक्षेची तयारी करत आहेत. गटाकडे जवळच्या संपर्कासाठी काही व्हीएचएफ हॅन्डसेट (हातात धरायचे रेडिओ) आणि लांबच्या संपर्कासाठी दोन एचएफ संच आहेत. पूर, चक्रीवादळ किंवा भूकंपानंतर मोबाइल सेवा बंद पडली, तर मदतकार्याचे संदेश इकडून तिकडे पोहोचवता यावेत म्हणून या लोकांना तीन-चार महिन्यांत कसे तयार करावे, आणि आवाजी संदेशवहन शिकवण्यात वेळ घालवावा की थेट विनलिंकसारख्या, म्हणजे रेडिओवरून ई-मेल पाठवण्याच्या, डिजिटल पद्धतीकडे वळावे, असे विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे की पहिले काही वर्ग रेडिओ संचाला हात न लावता, केवळ कागद आणि पेन्सिल घेऊन घ्यावेत. परवान्याची परीक्षा माणसाला संच चालवायला आणि संपर्क साधायला शिकवते, पण दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे तिसऱ्याकडे नेऊन पोहोचवायला शिकवत नाही, आणि आपत्तीत नेमके तेच काम करायचे असते. एरवीच्या हॅम संपर्कात बोलणारा आणि ऐकणारा हे दोघेच त्या बोलण्याचे धनी असतात. एखादा शब्द निसटला तरी संदर्भाने अर्थ लागतो, आणि नाही लागला तरी कोणाचे नुकसान होत नाही. मदतकार्यात मात्र खरा पाठवणारा आणि खरा घेणारा हे दोघेही हवेवर नसतात. एकीकडे निवारा केंद्रातला डॉक्टर असतो, दुसरीकडे औषधांच्या कोठाराचा प्रमुख असतो, आणि मधले दोन हॅम हे केवळ वाहक असतात. त्यांना मजकुराचा अर्थ कळला की नाही याला महत्त्व नाही. मजकूर बदलला की नाही याला आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिकोची वीज आणि दूरसंचार यंत्रणा मोडून काढली, तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसच्या विनंतीवरून एआरआरएल या तेथील हॅम संघटनेने आपले स्वयंसेवक बेटावर पाठवले होते. त्यांच्याकडे सोपवलेल्या कामाचा मोठा भाग बचावलेल्या लोकांची माहिती गोळा करून ती रेड क्रॉसच्या ‘सेफ अँड वेल’ नोंदणीपर्यंत पोहोचवणे हा होता. नावे, पत्ते, आकडे आणि लहान लहान निरोप हेच तिथले काम होते. नव्या स्वयंसेवकाच्या मनात आपत्तीतल्या रेडिओचे जे थरारक चित्र असते, ते पहिल्याच वर्गात शांतपणे बाजूला ठेवावे आणि प्रत्यक्षात काम कसे असते ते सांगावे. ज्यांना ते कंटाळवाणे वाटेल, ते तेव्हाच कळलेले बरे.

संदेशाचा नमुना नव्याने शोधून काढू नका. एआरआरएलचा ‘रेडिओग्राम’ आणि आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचा, म्हणजे आयएआरयूचा, नमुना यांत फारसा फरक नाही आणि दोन्ही दीर्घकाळच्या वापरातून घासूनपुसून तयार झालेले आहेत. संदेशाच्या मथळ्यात अनुक्रमांक, प्राधान्य, संदेश जिथून प्रथम हवेवर आला त्या स्थानकाचे ओळखचिन्ह म्हणजे कॉल साइन, मजकुराची शब्दसंख्या, उगमाचे ठिकाण, संदेश हाती आल्याची वेळ आणि तारीख असते. त्याखाली ज्याला द्यायचा त्याचे नाव, हुद्दा आणि पत्ता, मग मजकूर आणि शेवटी पाठवणाऱ्याचे नाव व हुद्दा येतो. मजकूर शक्यतो पंचवीस शब्दांच्या आत ठेवावा आणि छापील कागदावर एका ओळीत पाच शब्दांच्या चौकटी आखाव्यात, म्हणजे मोजणी डोळ्यांनीच होते. पूर्णविरामाच्या जागी ‘एक्सरे’ हा शब्द बोलला जातो आणि तोही मोजणीत धरला जातो.

एक उदाहरण जवळून पाहू. निवारा केंद्रातले डॉक्टर धावत येऊन सांगतात, ‘इथे इन्सुलिन संपलंय, लवकर पाठवायला सांगा.’ हा निरोप असाच हवेवर गेला तर पलीकडून लगेच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते: कोणते केंद्र, किती रुग्ण, कधीपर्यंत हवे, थंड ठेवायची सोय आहे का. प्रत्येक प्रश्नासाठी ऑपरेटरला डॉक्टर शोधावे लागतात आणि तेवढा वेळ वाहिनी अडून राहते. प्रशिक्षित स्वयंसेवक डॉक्टरांसमोर कोरा नमुना धरतो, तेच प्रश्न आधी तिथेच विचारतो आणि डॉक्टरांकडून मजकूर लिहून घेतो: ‘निवारा केंद्र ३ इन्सुलिन संपले एक्सरे मधुमेही रुग्ण ८ एक्सरे आज १९०० पूर्वी शीतपेटीतून साठा पाठवा’. यात १९०० म्हणजे संध्याकाळचे सात. एकूण सोळा शब्द झाले. मथळ्यात १६ हा आकडा लिहिला जातो, डॉक्टर सही करतात आणि मगच संदेश संचाकडे जातो. घेणाऱ्याने उतरवून घेतल्यावर स्वतः शब्द मोजायचे. त्याच्याकडे पंधरा भरले तर तो ‘रॉजर’, म्हणजे ‘संपूर्ण मिळाला’, असे म्हणत नाही. आधी दोघांनी प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर ओळीने वाचून ताडून पाहायचे, आणि गळालेला शब्द तिथल्या तिथे सापडतो. वरच्या संदेशात ‘८’ गळला तर वाक्य तरीही अर्थपूर्णच वाटते, आणि म्हणूनच केवळ अर्थावर विसंबून चालत नाही.

मूळ मोजणीच चुकली आहे असे वाटेतल्या एखाद्या स्थानकाच्या लक्षात आले, तर त्याने जुना आकडा खोडायचा नाही. जुना आकडा, तिरकी रेघ आणि नवा आकडा असे लिहून पुढे पाठवायचे. मजकुरातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा वाहकाने दुरुस्त करायची नसते. औषधाचे नाव चुकीचे लिहिले आहे असे तुम्हाला ठामपणे वाटले तरी तो निर्णय पाठवणाऱ्याचा आहे. त्याला विचारा, त्याने बदलले तर बदला. मराठी संदेशांत एक लहानसा नियम गटाने आधीच ठरवून घ्यावा लागतो, कारण आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. जोडून लिहिलेला शब्द एकच मोजायचा आणि आकड्यापुढचे ‘पूर्वी’ किंवा ‘नंतर’ वेगळे मोजायचे, एवढे ठरले की पुढचे बरेच वाद टळतात.

पहिल्या वर्गात दोन-दोन जणांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हाती लिहिलेला संदेश, दुसऱ्याच्या हाती कोरा नमुना. वाचणारा हमखास घाई करतो, कारण बोलण्याचा आपला सहज वेग मिनिटाला शंभराहून अधिक शब्दांचा असतो आणि हाताने सुवाच्य लिहिण्याचा वेग जेमतेम पंधरा-वीस शब्दांचा. यावर एकच खात्रीचा उपाय मला ठाऊक आहे: वाचणाऱ्यानेही आपण बोलतो तो प्रत्येक शब्द स्वतः कागदावर लिहीत जावे. हात जिथे पोहोचेल तिथेच जीभ थांबते. हा सराव अंगवळणी पडायला दोन-तीन वर्ग लागतात, आणि ते द्यावेत. घेणाऱ्याने मध्येच तोडून विचारायचे नाही. जिथे शब्द निसटला तिथे रिकामी जागा सोडून पुढे जायचे आणि शेवटी नेमके तेवढेच मागायचे, उदाहरणार्थ ‘‘संपले’ नंतरचा शब्द पुन्हा सांगा’ किंवा ‘‘रुग्ण’ ते ‘आज’ यांमधले सर्व पुन्हा सांगा’. ‘काय म्हणालात, नीट कळले नाही, परत सांगा’ असे म्हटले की पलीकडचा पूर्ण संदेश पुन्हा वाचतो आणि वाहिनीवर वाट पाहणारे इतर ताटकळतात. ‘रॉजर’ याचा अर्थ ‘संपूर्ण संदेश मला मिळाला’ एवढाच आहे. ‘हो’ या अर्थाने तो वापरायचा नाही, ही सवय याच वर्गात लावावी. ‘ओव्हर’ आणि ‘आउट’ एकत्र बोलायचे नाहीत, कारण पहिला शब्द उत्तर मागतो आणि दुसरा संभाषण संपवतो.

आकड्यांवर वेगळा वेळ द्या. खरखरीत वाहिनीवर ‘सहा’ आणि ‘दहा’, ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक कळत नाही. ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’, ‘एकोणऐंशी’ यांची तर गल्लत ठरलेलीच. म्हणून प्रत्येक संख्या एकेक अंक सुटा करून सांगायची: एकोणसाठ नाही, ‘आकडे, पाच नऊ’, दहा नाही, ‘आकडे, एक शून्य’. सरावासाठी केवळ संख्यांनी भरलेले संदेश तयार करा, आणि त्यांत मुद्दाम अशाच फसव्या जोड्या घाला. व्यक्तींची आणि औषधांची नावे आधी सरळ उच्चारायची, मग ‘स्पेलिंग सांगतो’ असे म्हणून रोमन अक्षरांत अल्फा, ब्राव्हो, चार्ली या आंतरराष्ट्रीय वर्णमालेने अक्षर अक्षर सांगायची आणि पुन्हा एकदा नाव उच्चारायचे. घरगुती शब्दांनी अक्षरे सांगण्याची सवय गटात चालून जाते, पण बाहेरचा ऑपरेटर मदतीला आला की ती आडवी येते.

प्राधान्याच्या पातळ्या चार असतात: जीवितरक्षणाशी थेट संबंध असलेले आणीबाणीचे संदेश, ठरावीक वेळेच्या आत पोहोचायलाच हवेत असे तातडीचे, आप्तांच्या खुशालीचे, आणि उरलेले सामान्य. यात शिकवण्यासारखे फारसे काही नाही. मात्र प्रत्येकाला आपला संदेश आणीबाणीचा वाटतो, हे लक्षात ठेवून ‘हा दोन तास उशिरा पोहोचला तर काय होईल?’ असा एकच प्रश्न पाठवणाऱ्याला विचारायला स्वयंसेवकांना सांगावे. खुशालीच्या संदेशांबाबत मात्र आधीच धोरण हवे. बाहेरून येणाऱ्या ‘आमचे नातेवाईक कसे आहेत’ अशा चौकशा एवढ्या असतात की त्या घेतल्या तर बाकीचे सारे काम थांबते, शिवाय एकेक माणूस शोधत हिंडावे लागते. उलट आपत्तीग्रस्त भागातून बाहेर जाणारा ‘आम्ही सुखरूप आहोत’ हा निरोप थोडक्यात जातो आणि पलीकडे दहा जणांची धावपळ वाचवतो. एआरआरएलने अशा नेहमीच्या वाक्यांना क्रमांकच दिलेले आहेत; ‘एआरएल वन’ एवढे म्हटले की ‘येथे सर्व सुरक्षित आहेत, कृपया काळजी करू नका’ असा अर्थ होतो. तुमच्या गटाला भाषेनुसार अशी आठ-दहा वाक्ये ठरवता येतील, मात्र त्यांची यादी दोन्ही टोकांना असली पाहिजे आणि वाक्य पोहोचवताना क्रमांक उलगडून पूर्ण वाक्यच द्यायला हवे.

यानंतर संच हाती द्या. पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दाबल्यावर क्षणभर थांबून मगच बोलायचे, नाहीतर पहिले अक्षर कापले जाते. बोलण्यापूर्वी वाहिनी ऐकायची. हॅन्डसेट कमरेला अडकवून न वापरता तोंडापाशी, अँटेना उभी ठेवून धरायचा. या गोष्टी लगेच जमतात. त्यापेक्षा अवघड आहे नियंत्रित नेटची, म्हणजे एकाच वाहिनीवर जमलेल्या स्थानकांच्या समूहाची, शिस्त. नेट कंट्रोलने, म्हणजे नेट चालवणाऱ्या स्थानकाने, हाक दिल्याशिवाय बोलायचे नाही, चेक-इन करताना, म्हणजे हजेरी देताना, आपल्याकडे कोणत्या ठिकाणासाठी किती संदेश आहेत आणि कोणत्या प्राधान्याचे आहेत एवढेच सांगायचे, आणि नेट कंट्रोलने दुसऱ्या वाहिनीवर जायला सांगितले की तिथे जाऊन संदेश पूर्ण करून परत हजेरी लावायची. नेट कंट्रोलचे काम आळीपाळीने प्रत्येकाला करायला लावा, जो कधीच ते करणार नाही त्यालाही, कारण एकदा त्या खुर्चीत बसलेला माणूस पुढे विनाकारण मध्ये बोलत नाही. नेट कंट्रोलच्या शेजारी नोंद ठेवणारा वेगळा माणूस असलाच पाहिजे. लांबलेल्या कामात दर दोन तासांनी पाळी बदला. थकलेला ऑपरेटर स्वतःला थकलेला समजत नाही, पण त्याच्या नोंदवहीत ते दिसते.

रिपीटरवर, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा प्रसारित करणाऱ्या मनोऱ्यावरच्या संचावर, विसंबून दिलेले प्रशिक्षण अपुरे असते, कारण तो मनोरा कोसळू शकतो किंवा त्याची वीज जाऊ शकते. म्हणून निम्मा सराव सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरविना थेट संचाकडून संचाकडे, करा आणि कोणत्या ठिकाणाहून कोणते ठिकाण ऐकू येते याचा स्वतःचा नकाशा तयार करा. पाच वॅटच्या दोन हॅन्डसेटमधले अंतर इमारतींच्या दाटीत फार पुढे जात नाही. तीच ताकद गच्चीवर बांधलेल्या अँटेनाला जोडली की चित्र पालटते, आणि हे पुस्तकात वाचण्यापेक्षा करून पाहिलेले लक्षात राहते. एचएफसाठी दूरदेशी पोहोचणारी उंच अँटेना इथे कामाची नसते. मदतकार्यातला पल्ला बहुधा काही शे किलोमीटरचा असतो, आणि त्यासाठी ४० मीटर तरंगलांबीच्या बँडचा सुमारे वीस मीटर लांबीचा साधा डायपोल (मध्यभागी केबल जोडलेली तारेची अँटेना) जमिनीपासून तीन ते सहा मीटरवर बांधला की लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) आसपासच्याच प्रदेशात परत येतात. दिवसा ४० मीटर, रात्री ८० मीटर अशी ढोबळ वाटणी ठेवावी. दोन झाडांच्या मध्ये असा डायपोल बांधून हवेवर येणे हे गटातल्या प्रत्येक जोडीला, आणि अंधारातही, जमले पाहिजे. वीज वाचवण्याचे गणितही इथेच शिकवा: शंभर वॅटचा संच प्रसारण करताना बॅटरीतून साधारण वीस ॲम्पिअर ओढतो, ताकद पंचवीस वॅटवर आणली तर पलीकडे सिग्नल संचाच्या सिग्नल-मापकावर केवळ एका एस-युनिटने, म्हणजे सहा डेसिबलने उतरतो, पण बॅटरी कितीतरी अधिक वेळ टिकते.

आता विनलिंकचा प्रश्न. ते शिकवाच, पण दुसऱ्या टप्प्यात. औषधांची दोनशे नावांची यादी, निवाऱ्यातल्या कुटुंबांचा तक्ता किंवा ठरावीक छापील नमुन्यातला अहवाल आवाजी वाचून पाठवणे हा वेळेचा अपव्यय आहे आणि त्यात चुका अटळ आहेत. विनलिंक तो मजकूर अक्षरशः जसाच्या तसा पोहोचवते. आपत्तीग्रस्त भागाबाहेरच्या एचएफ गेटवेपर्यंत (इंटरनेटला जोडलेल्या स्थानकापर्यंत) पोहोचता आले की तिथून पुढे तो ई-मेल म्हणून जातो, आणि इंटरनेट कुठेच नसेल तर दोन स्थानके थेट एकमेकांनाही संदेश देऊ शकतात. तरीही त्यासाठी संगणक, मोडेम, जोडण्या आणि त्या सर्वांना पुरेल एवढी वीज लागते, आणि यांतले काहीतरी नेमके तेव्हाच रुसते. शिवाय पाठवणाऱ्याकडून नेमका मजकूर काढून घेणे, प्राधान्य ठरवणे, क्रमांक देणे, नोंद ठेवणे आणि पोच घेणे हे काम डिजिटल पद्धतीतही तेवढेच उरते. कागदावर शिकलेला माणूस ते विनलिंकमध्ये सहज करतो. ज्याने सुरुवातच संगणकापासून केली आहे, त्याचा संदेश स्वच्छ पोहोचतो, पण अनेकदा त्यात ‘कोणी, कोणाला, कधीपर्यंत’ हेच नसते.

कायद्याची बाजू प्रत्येक देशाच्या नियमांप्रमाणे वेगळी असते आणि ती गटातल्या प्रत्येकाने वाचलेली असावी. आंतरराष्ट्रीय पातळीवर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीचे कलम २५ महत्त्वाचे आहे: २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ते सुधारले गेले, आणि आणीबाणीत किंवा आपत्ती निवारणात त्रयस्थांसाठी देशादेशांतील संदेश नेण्याची मुभा त्यात आहे, हौशी स्थानकांना अशा कामासाठी सज्ज होता यावे म्हणून प्रशासनांनी पावले उचलावीत असेही त्यात म्हटले आहे. मात्र अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला तिथे बंदी आहे. म्हणजे तुम्ही बोलाल ते कोणीही ऐकू शकते, हे गृहीत धरूनच काम करायचे. मृतांची नावे आणि ओळख पटेल असा रुग्णांचा वैद्यकीय तपशील हवेवरून पाठवायचा नाही, हा नियम मी पहिल्या दिवशीच सांगतो. कुटुंबाला ती बातमी शेजाऱ्याच्या स्कॅनरवरून कळणे हा अन्याय आहे, आणि तो घाईच्या नावाखाली घडू देता कामा नये. प्रशासनाने किंवा मदत संस्थेने बोलावल्याशिवाय घटनास्थळी जायचे नाही, हेही तेवढ्याच ठामपणे सांगावे. त्यासाठी त्यांच्याशी आधीच बोलणी करून, नियंत्रण कक्षात आपला माणूस कुठे बसेल आणि त्याच्या हातचा संदेश कोण स्वीकारेल, हे लेखी ठरवून घ्या.

तिसऱ्या महिन्यात पूर्ण सराव घ्या: मुख्य वीजजोडणी नाही, रिपीटर नाही, मोबाइल बंद. सरावातल्या प्रत्येक संदेशाच्या प्राधान्याआधी ‘सराव’ हा शब्द लिहायचा आणि बोलतानाही तो आरंभी व शेवटी उच्चारायचा, म्हणजे ऐकणाऱ्या तिसऱ्याचा गैरसमज होत नाही. पाठवणाऱ्यांच्या भूमिकेत गटाबाहेरची माणसे आणा, शक्य तर खरे डॉक्टर आणि खरे अधिकारी. ते घाईत बोलतात, अर्धवट सांगतात, मध्येच मजकूर बदलतात, आणि त्यामुळे स्वयंसेवकांचा खरा कस लागतो. किती संपर्क झाले याचे गुण देऊ नका. मूळ कागद आणि शेवटी पोहोचलेला कागद शेजारी ठेवून शब्दाशब्दाने ताडा, संदेश हाती आल्यापासून प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत किती वेळ गेला ते नोंदवहीतून काढा, आणि कोणता संदेश आत्ता कुठे आहे याचे उत्तर कोणत्याही क्षणी नोंदवहीवरून देता येते का ते तपासा. स्पर्धांमध्ये उत्तम गुण मिळवणारे अनुभवी ऑपरेटर या तपासणीत कधीकधी मागे पडतात. त्यांना दुखवू नका, पण तपासणी सैल करू नका.

ज्यांना अजून परवाना मिळालेला नाही, त्यांना बाजूला बसवून ठेवू नका. पाठवणाऱ्याकडून मजकूर लिहून घेणे, शब्द मोजणे, नोंदवही ठेवणे, उतरवलेला संदेश पायी नेऊन देणे आणि पोचपावती आणणे ही सारी कामे विनापरवाना करता येतात, आणि तुमच्या गटाच्या आकाराला प्रत्येक स्थानकावर एक परवानाधारक व दोन असे साथीदार अशी रचना मला सर्वांत योग्य वाटते. परीक्षा उत्तीर्ण होऊन ते हवेवर येतील तेव्हा संदेशाचा नमुना त्यांच्या हाताला सवयीचा झालेला असेल. मूळ प्रशिक्षण संपल्यावर आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचे नेट चालू ठेवा आणि त्यात प्रत्येकाने किमान एक संदेश पाठवावा व एक घ्यावा असा नियम करा.